सहा किलो शंभर

“उतर आता,” वामन म्हणाला. “बहात्तर भरलास. म्हणजे तुला नऊ किलो. वर एक ग्रॅमही मिळणार नाही.”

मी काट्यावरून खाली उतरलो. वामन गायधनीच्या घरी बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर आम्हा दोघांचा तीन दिवसांचा संसार मांडून ठेवला होता. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी वामनकडे हा सोहळा ठरलेला असे. दोघांच्या सॅक उलट्या करायच्या, एकेक वस्तू उचलून तिची उलटतपासणी घ्यायची आणि उत्तर पटलं नाही की ती वस्तू कोपऱ्यातल्या खोक्यात टाकायची. खोक्यात गेलेली वस्तू मी हळूच परत घेतो, हे वामनला ठाऊक होतं. म्हणून ते खोकं तो स्वतःच्या मांडीला लावून बसायचा.

“हा टॉवेल कशाला?”

“अंग पुसायला.”

“साडेतीनशे ग्रॅम आहे. पंचा घे, नव्वद ग्रॅम. आणि या चड्ड्या तीन कशाला?”

“अहो, निदान भाऊजींच्या चड्ड्या तरी मोजू नका,” आतून सुलभावहिनी म्हणाल्या.

“त्याच्या चड्ड्या तो वाहणार असता तर मोजल्या नसत्या. खिंडीत दमला की त्याची सॅक मला घ्यावी लागते.”

हे खोटं होतं. माझी सॅक त्याने अठरा वर्षांत दोनदाच घेतली होती आणि तीही मीच दिली म्हणून. पण वामनशी वाद घालण्यात अर्थ नसे. तो कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. बावीस वर्षं पोरांच्या हातात तराजू देऊन देऊन त्याच्या स्वतःच्या हाताचाच तराजू झाला होता. कांदा तळहातावर घेऊन तो म्हणायचा, ऐंशी ग्रॅम, आणि काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरायचा. कमी वजनात डोंगर चालायचं वेड आमच्याकडे पोरं आत्ता आत्ता नेटवर बघून आणतात. वामनला ते त्याआधी पंधरा वर्षं लागलं होतं. सॅक त्याने छत्रीच्या कापडाची स्वतः शिवली होती, चारशे दहा ग्रॅमची. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याची त्याने स्पिरिटवर चालणारी चूल केली होती, ती सतरा ग्रॅम. तंबू नाहीच, पातळ प्लास्टिकचं छत आणि दोन काठ्या. झोपायची मॅट खांद्यापासून कंबरेपर्यंतच कापलेली, कारण त्याच्या मते पायांना झोपेतलं काही कळत नाही.

त्या वर्षी मात्र त्याने कमाल केली होती. ब्रश आधीच अर्धा होता, त्याचा पाव केला होता. चमच्याला भोकं पाडली होती. शर्टांच्या कॉलरमागच्या चिठ्ठ्या उसवल्या होत्या, सॅकच्या पट्ट्यांची लोंबती टोकं कापून टाकली होती.

“पुढच्या वर्षी दात काढून घरी ठेव,” मी म्हणालो. “पंचवीस-तीस ग्रॅम वाचतील.”

“विचार करतो,” तो म्हणाला आणि हसला. त्याचा पट्टा नव्या भोकात अडकवलेला मी बघितला होता. भोक खिळ्याने पाडलेलं होतं, वेडंवाकडं. माणूस एवढा काटकसरी की पट्टाही कापेल, असं काहीसं माझ्या मनात आलं आणि गेलं.

“चल, आता तू चढ काट्यावर.”

“माझं कालच झालं कॉलेजात.”

त्याने सॅक भरली, तोंडाची दोरी ओढून त्याची ती खास गाठ मारली आणि रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याला सॅक लटकवली. पाणी, शिधा, सगळं धरून काटा सहा किलो शंभरवर थांबला. मला त्याने हाताला धरून तो आकडा बघायला लावला.

आमचा नियम होता, तो अर्थात त्यानेच केलेला, की माणसाच्या वजनाच्या आठव्या हिश्श्याहून सॅक जड नको. बहात्तर किलोच्या मला नऊ. आदल्या वर्षीपर्यंत त्याची सॅक आठ किलोची असायची. सहा पूर्णांक एकला आठाने गुणायला काही पदार्थविज्ञान यावं लागत नाही. मी गुणलं नाही. मला दिसली ती त्याची फुशारकी, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

आता दगडाचं सांगितलं पाहिजे. डोंगरात फिरणाऱ्यांत ही खोडी जुनी आहे. सोबत्याचं लक्ष नसताना त्याच्या सॅकच्या तळाशी एक दगड सारायचा. तो बिचारा घाम गाळत वर येतो, आणि वर पोचल्यावर सगळ्यांसमोर तो दगड काढायचा. आमच्यात याचेही नियम होते. वर पोचेपर्यंत अक्षर बोलायचं नाही, दगड वाहणाऱ्याला पोटभर भजी चारायची, आणि दगड फेकायचा नाही. ज्याने वाहिला त्याने तो घरी न्यायचा. वामनने त्या ट्रेकच्या चौदा वर्षं आधी साल्हेरवर माझ्या सॅकमध्ये असा एक घातला होता. तो दगड अजून माझ्या घरी दाराला टेकण म्हणून आहे. माझं उट्टं चौदा वर्षं राहिलं होतं, कारण वामनला फसवणं अशक्य होतं. सॅक उचलली की त्याला कळलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रतनवाडीला उतरलो. डिसेंबर होता, पाण्यावरून वाफा निघत होत्या. इथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, ही आमची दरवर्षीची वाट. वामन गावातल्या देवळात गेला. तो सहसा जात नसे, बाहेरूनच हात जोडायचा. त्या दिवशी तो चांगला वीसेक मिनिटं आत होता. त्याची सॅक माझ्याजवळ ओट्यावर होती.

प्रवरेच्या पात्रातला एक काळा, गुळगुळीत गोटा मी निवडला. त्याची गाठ सोडली, मॅट वर केली, गोटा माझ्या पंच्यात गुंडाळून अगदी तळाशी बसवला, मॅट पुन्हा लावली. ती खास गाठ मला अठरा वर्षं बघून बघून येत होती. वामन बाहेर आला तेव्हा मी बूट बांधत असल्याचं सोंग करत होतो.

त्याने सॅक उचलली आणि तो थांबला. डाव्या हातात घेतली, मग उजव्या हातात. मी मान वर केली नाही. आता पकडला जाणार, शिव्या खाणार, असं मी धरूनच चाललो होतो.

“काय रे?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “चल.”

मला त्या वेळी कसला आनंद झाला होता. ज्याच्या हाताला ग्रॅम कळतो त्याला मी दोन किलोंना फसवलं होतं. खिंडीत पोचल्यावर काय काय बोलायचं ते मी चालता चालता जुळवत होतो.

वाट झाडीतून आहे, पुढे चढ उभा होतो. वामन नेहमी पुढे असायचा. त्या दिवशी तो मागे राहिला. पहिल्यांदा थांबला तेव्हा बूट सैल झालाय म्हणाला. दुसऱ्यांदा पाणी प्यायला थांबला. तिसऱ्यांदा काहीच कारण दिलं नाही, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ टेकून उभा राहिला.

“सहा किलोवाले,” मी वरून म्हणालो, “आम्ही नऊ किलोवाले वाट बघतोय.”

त्याने मान वर करून हात हलवला. चौथ्यांदा तो थांबला तेव्हा मला वाटलं, पुरे, सांगून टाकावं. पण खिंड वर दिसत होती. आता थोडक्यासाठी मजा कशाला घालवायची, असं म्हणून मी पुढे निघालो. हे वाक्य मी नंतर अकरा वर्षं स्वतःला म्हणून दाखवलं आहे.

खिंडीत वारा होता. वामन पोचला, सॅक उतरवून तिला पाठ टेकून बसला. चेहरा मेणासारखा झाला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि खोडी उघड करायची म्हणून हात त्याच्या सॅकच्या गाठीवर नेऊन ठेवला.

“मध्या, काल सॅक किती भरली होती?” त्याने विचारलं.

“सहा किलो शंभर. सतरा वेळा सांगून झालंय तुझं.”

“तूही काटा बघितला होतास ना?”

“बघितला की. हाताला धरून दाखवलास.”

“मग काटा चुकलेला नाही.”

माझ्या ओठांवर हसू आलेलं होतं. तो खाली कुमशेतच्या बाजूला बघत होता.

“जठरात गाठ आहे माझ्या,” तो म्हणाला. “दिवाळीच्या आधी कळलं. सुलभाला माहीत आहे, आता तुला. डॉक्टर म्हणतात, कापून काढता येईल, पण मोठं ऑपरेशन आहे, शरीरात तेवढा दम पाहिजे. दम आहे की नाही ते त्यांनाही छातीठोक सांगता येत नाही. नाही केलं तर वर्षभर आहे. थोडं जास्तही. गोळ्या घेऊन घरात बरा राहशील म्हणाले. सुलभा म्हणते, करा. रोज रडते. मला काही ठरवता येईना. मग म्हटलं, आपल्याला येतं तेच करावं. मोजून बघावं.”

“काय मोजून?”

“ही खिंड आपण अठरा वर्षं चढतोय. आठ किलो घेऊन मी एकदा थांबतो, ते वरच्या उंबराखाली. आता वजन माझं एकोणपन्नासला थोडं कमी आहे. त्याच्या हिशेबाने सहा किलो शंभर. तेवढं घेऊन एकदा थांबलो तर अंगात दम आहे, ऑपरेशन करायचं. नाहीतर नाही.” त्याने बोटं मोडली. “पाच वेळा थांबलो. सहा किलो मला आठ किलो वाटतात रे. चांगली आठ. म्हणजे झालं ते. बरं झालं, कळलं तरी.”

त्याच्या खांद्याला अजूनही अचूक कळत होतं. त्याचा विश्वास फक्त खांद्यावरून उडाला होता, काट्यावरचा नव्हता.

माझा हात गाठीवरच होता. तेव्हाच ती ओढून दगड काढायला हवा होता. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय अवघड होतं? मलाही वाटतं. पण त्या क्षणी मला त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं होतं की आजारी माणसा, तुझ्या पाठीवर मी दगड लादला आणि वर तुला चिडवलं. मग डोक्यात एक सोयीचा विचार आला, भित्र्या माणसाला असे विचार लगेच येतात. खाली गेल्यावर गुपचूप दगड काढून घेऊ. उद्या त्याला हलकं वाटेल, आपोआप सगळं नीट होईल. मी गाठीवरून हात काढून घेतला.

“सॅक दे, मी घेतो,” एवढंच म्हणालो.

“नको,” तो म्हणाला. “मोजणी अर्धी सोडत नाहीत.”

कुमशेतला हौसाबाईंच्या ओसरीवर आमचा मुक्काम असायचा. ऊन उतरायच्या आत पोचलो. हौसाबाईंनी त्याच्याकडे बघून विचारलं, “या टायमाला भाऊ लईच वाळला व्हय?” तो म्हणाला, “आता हलकंच राहायचं ठरवलंय, मावशी,” आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेला. हौसाबाई चुलीशी होत्या. मी त्याची गाठ सोडली, तळातून दगड काढला आणि माझ्या सॅकमध्ये घातला. फेकायचा नाही हा नियम होता म्हणून नव्हे. अंगणात पडलेला काळा गोटा वामनने ओळखला असता. रतनवाडीचा दगड कुमशेतच्या मातीत कसा, हे त्याने लगेच विचारलं असतं.

सकाळी त्याने सॅक उचलली आणि पुन्हा थांबला.

“मध्या,” तो म्हणाला, “आज हलकी वाटतेय.”

“झोप झाली ना,” मी म्हणालो.

पाचनईपर्यंत तो माझ्या पुढे चालला. गडाची वाट सोपी आहे, कातळावरून, सावलीतून. खिंडीच्या निम्माही चढ नाही. आदल्या दिवशी आठ वाहिलेल्या माणसाला सहा हलकेच वाटणार. ते मोजणं नव्हतंच. हे मला कळत होतं. माझ्या पाठीवर नऊ आणि वर तो दगड होता, आणि मी त्याच्या पाठोपाठ चालत होतो. ओढ्यापाशी तो एकदा थांबला. त्यानंतर थांबला नाही.

वर देवळाच्या आवारात आम्ही पिठलंभाकरी घेतली. त्याने एक भाकरी पूर्ण खाल्ली.

“पोरं पहिलं रीडिंग घेतात ना, ते आम्ही धरतच नाही,” तो म्हणाला. “हात कापतो, काटा स्थिर नसतो, काहीतरी असतंच. दुसरं घ्या म्हणतो. कालचं माझं तसंच झालं असणार. रात्री एसटीत झोप नाही, पहाटेची थंडी. आजचं खरं.”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून आहे अंगात. करू म्हणतो ऑपरेशन.”

त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी आला असावा असा उजेड आला होता. हा दुसरा क्षण. इथे सांगितलं असतं तर तो चिडला असता, हसलाही असता, आणि मग पुन्हा शांतपणे विचार करायला बसला असता. मी म्हणालो, “कर की. नक्की कर.” आणि मला मनापासून बरं वाटलं, हेही सांगतो. मला वाटलं, माझ्या खोडीतून चांगलंच निघालं.

उतरल्यावर राजूरच्या स्टँडवरून त्याने घरी फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. “सुलभा, करतो,” तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. पलीकडे वहिनी रडत असाव्यात.

ऑपरेशन जानेवारीत झालं. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो तर त्याने माझ्या हातात चिठ्ठी दिली, पुढच्या डिसेंबरची यादी. पाच किलो आठशेवर आणली होती. “बरा झालो की वजनही वाढेल, मग आठवा हिस्साही वाढेल,” तो म्हणाला. “पण सवय कशाला मोडायची.” मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. हा तिसरा.

ऑपरेशननंतर तो एकोणीस दिवस जगला. त्यातले चार शुद्धीत. घरी परत आला नाही.

तेराव्याला वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही नेलंत म्हणून त्यांनी धीर केला, भाऊजी. प्रयत्न केला एवढं तरी समाधान आहे.” त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.

मी पुन्हा डोंगरात गेलो नाही. लोकांना गुडघ्याचं कारण सांगत आलो. दगड कपाटात होता. एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मोजून आणला, दोन किलो चाळीस ग्रॅम भरला.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. त्या घर बंद करून मुलीकडे ठाण्याला चालल्या होत्या. “यांचं सामान माळ्यावर आहे. तुमच्याशिवाय कुणाला त्यातलं कळणार नाही. येऊन घेऊन जा.” मी जाताना दगड पिशवीत घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. त्या घरातून त्याचं सामान घ्यायचं आणि हा मात्र कपाटात ठेवायचा, हे मला जमेना.

बाहेरची खोली खोक्यांनी भरली होती. मधोमध चटईवर त्याची छत्रीच्या कापडाची सॅक होती, दोरीची गाठ तशीच. शिधा आणि पाणी सोडून सगळं तो कायम भरून ठेवायचा. अकरा वर्षांत ती कुणी उघडली नव्हती.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. रतनवाडीपासून राजूरच्या स्टँडपर्यंत सगळं, आणि दवाखान्यातलंही. दगड काढून खोक्यावर ठेवला. वहिनींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्या बराच वेळ दगडाकडे बघत होत्या. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत.

“वर्ष म्हणाले होते डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “घरात. गोळ्या घेऊन.”

“हो.”

“करा करा म्हणून मीच मागे लागले होते. तुम्ही एकटेच नव्हतात.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण मी डोळ्यांदेखत लागले होते, भाऊजी. त्यांना माहीत होतं मी काय मागतेय.”

त्या उठल्या. सॅकची गाठ त्यांना सुटेना, मी पुढे झालो तर म्हणाल्या, “तुम्ही नका.” दातांनी सोडवली. आतून त्याच्या अक्षरातली यादी काढली आणि चष्मा लावून वाचायला लागल्या. पाणी दोन लिटर. त्यांनी स्वयंपाकघरातून दोन बाटल्या भरून आणल्या. पोहे तीनशे, खिचडीची तांदूळडाळ सहाशे, गूळ-दाणे दोनशे, चहा-साखर शंभर. बांधून ठेवलेले डबे पुन्हा सोडून त्यांनी एकेक जिन्नस पिशव्यांत काढला आणि सॅकमध्ये घातला. स्प्रिंगचा काटा दाराच्या खिळ्याला होता. त्यांनी सॅक लटकवली. मुठीमुठीने तांदूळ कमीजास्त करत काटा सहा किलो शंभरवर आणला. मग सॅक खाली घेऊन सगळं बाहेर काढलं, दगड तळाशी ठेवला, वर मॅट, वर बाकीचं, जसं मी सांगितलं होतं तसं. गाठ मारली आणि सॅक पाठीवर घेतली.

“वहिनी, काय करताय?”

“जिना चढून बघते.”

वहिनी आयुष्यात डोंगर चढलेल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्या तळमजल्यापर्यंत उतरल्या, वळल्या आणि चढायला लागल्या. मी दोन पायऱ्या मागे होतो. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या. पुढे अर्ध्या जिन्यात थांबल्या, कठड्याला धरून. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या तेव्हा त्यांचा श्वास मला खाली ऐकू येत होता. दारापाशी पोचल्यावर त्या भिंतीला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

“जड आहे हो,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही वरून चिडवत होतात.”

“हो.”

त्यांनी घरात जाऊन दगड काढला. पुन्हा सॅक भरली, पुन्हा खांद्यावर घेतली. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा खाली गेल्या, पुन्हा चढायला लागल्या. पहिला मजला गेला, त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्याला कठड्यावर नुसता हात ठेवला आणि पुढे गेल्या. शेवटच्या पायऱ्यांवर त्यांचं पाऊल जरा झपझप पडत होतं. वर पोचून त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, क्षणभरच, वामनचा देवळाच्या आवारातला उजेड होता. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांचा हात तोंडाकडे गेला.

त्या वरच्या पायरीवर खाली बसल्या.

“हलकी वाटली,” त्या म्हणाल्या. “अगदी हलकी. मीसुद्धा हो म्हटलं असतं.”

मग त्या रडायला लागल्या. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यातही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी खालच्या पायरीवर उभा होतो. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावून पुन्हा आत गेलं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, “वहिनी, सॅक काढू का?”

“नको,” त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खांद्यावरचे पट्टे धरले होते. “थोडा वेळ असू द्या.”